दुखणं तिचं, आकडा त्याचा

टिपणीसबाईंनी नुसतं "आई गं" म्हटलं की सिस्टर धावत यायच्या, आणि शालनच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दोघींच्या खाटा शेजारी शेजारी. आजारही एकच. दोघींचाही स्तनाचा कर्करोग हाडांत उतरलेला, टिपणीसबाईंच्या मणक्यात आणि शालनच्या खुब्यात. वॉर्ड एक, डॉक्टर एक, औषधं एकाच कपाटातली. फरक होता तो उशाशी लावलेल्या, शाळेतल्या पाटीएवढ्या पडद्यावरच्या आकड्यात. टिपणीसबाईंचा आकडा सहा-सातच्या घरात असायचा. तो आठवर गेला की लाल व्हायचा, खाटेखालचा पंप घुर्र करून औषध सोडायचा, सिस्टर येऊन पाठीमागची उशी सारखी करायची आणि डॉक्टर बागवान खुर्ची ओढून बसायचे. शालनचा आकडा दोन. हिरवागार दोन. सकाळी दोन, दुपारी दोन, कूस बदलताना फार तर तीन. तिच्या खाटेपाशी डॉक्टर उभ्या उभ्या पडदा बघत, "छान चाललंय मावशी" म्हणत आणि पुढे सरकत. त्याच वेळी शालनच्या खुब्यात कोणीतरी पहार घालून हलवत असायचं.

आता कोणी विचारील, एवढं दुखत होतं तर बाईनं सांगायचं नाही का? सांगून उपयोग नव्हता. त्या रुग्णालयात कोणी कोणाला विचारतच नसे.

ताप मोजायला थर्मामीटर असतो, रक्तदाब मोजायला पट्टा असतो, पण दुखणं मोजायला माणसाकडे इतकी वर्षं काहीच नव्हतं. रुग्ण सांगेल ते खरं धरायचं. त्यात अन्याय व्हायचा हे काही खोटं नाही. जो मोठ्यानं ओरडतो, ज्याला डॉक्टरांच्या भाषेत बोलता येतं, ज्याचा मेहुणा कुणीतरी वजनदार असतो, त्याच्याकडे सगळे बघायचे. गप्प बसणारा गप्प बसूनच जायचा. तो अन्याय मिटवायला म्हणून 'वेदनांक' आला. गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची कागदासारखी पातळ पट्टी आणि खाटेवर रोखलेला एक बारीक कॅमेरा. माणसानं तोंड कितीही मिटून घेतलं तरी शरीराला दुखणं लपवता येत नाही. कातडीवर बारीक घाम सुटतो, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, जबडा आणि कपाळ नकळत आवळतं, श्वास तोकडा होतो. पट्टी आणि कॅमेरा मिळून हे सगळं टिपतात आणि त्यातून एक आकडा काढतात. पंप त्या आकड्यावर चालतो. सिस्टरची फेरी, डॉक्टरांचा वेळ, शेक द्यायला येणाऱ्या मुलीची पाळी, सगळं त्या आकड्यावर. यंत्राला रुग्णाची जात कळत नाही, गाव कळत नाही, मेहुणा तर अजिबात कळत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त एक अडचण होती. सगळ्यांची शरीरं एकसारखी बोलत नाहीत. तेवढाच घाम एकाला जीवघेण्या कळेनं येतो आणि दुसऱ्याला नुसत्या ठणक्यानं. म्हणून रुग्ण दाखल झाला की पहिल्या दिवशी यंत्राची आणि त्याची 'जुळवणी' करत. सिस्टर रुग्णाला झोपवून, चालवून, दुखरी जागा दाबून दर वेळी विचारायची, आत्ता किती दुखतंय? रुग्ण आकडा सांगायचा आणि यंत्र मनाशी गाठ मारायचं, की ह्या माणसाचं शरीर असं बोललं म्हणजे एवढं दुखतंय. एकदा जुळवणी झाली की ती मोहोरबंद. त्यानंतर विचारायची गरज नाही.

शालनच्या जुळवणीला तिचे यजमान हणमंत जगदाळे मास्तर हजर होते. मास्तर माणदेशातल्या एका हायस्कुलात जन्मभर खेळाचे शिक्षक. सत्तरीला टेकले तरी पाठीचा कणा ताठ, मिशीला पीळ, आणि "रडायचं नाही" हा एकच मंत्र. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं गुडघे फोडून घेत, पण ब्र काढत नसत. घरातही तीच शिस्त. बँकेत गेलं, दवाखान्यात गेलं, दारात मतं मागायला कोणी आलं, तरी शालनला काय हवं, काय नको हे मास्तर सांगायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शालनलाही नाही.

तर सिस्टर वनितानं विचारलं, "मावशी, आत्ता किती दुखतंय? एक म्हणजे थोडंसं, दहा म्हणजे सहन न होणारं."

असा प्रश्न शालनला आजवर कोणीच विचारला नव्हता. ती विचारात पडली. विक्रांतच्या वेळचं बाळंतपण आठवलं, विहिरीवर पाय घसरून मोडला होता तो दिवस आठवला, आणि ह्यातलं कुठलं किती धरायचं याचा ती मनात हिशेब मांडत होती, तोवर खुर्चीतून मास्तरांचा आवाज आला. "दोन धरा. काटक आहे ती."

सिस्टरनं शालनकडे बघितलं. शालननं मान हलवली. खरं सांगायचं तर तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. परक्या माणसासमोर मास्तरांनी तिला कधी नव्हे ते चांगलं म्हटलं होतं. मग सिस्टरनं खुबा दाबला, शालनच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मास्तर म्हणाले, "हं, तीन." सिस्टरला अजून पुढच्या खाटा उरकायच्या होत्या. यंत्रानं निमूटपणे गाठ मारली, की ह्या बाईचं शरीर टाहो फोडतं, तेव्हा तिला तीन दुखतं.

पहिले काही दिवस शालननं सोसलं, सोसायची सवयच होती. पण आजार वाढत गेला तशी सवय कमी पडायला लागली. एका सकाळी तिनं लाज गुंडाळून ठेवली आणि वनिता सिस्टरला म्हणाली, "लई दुखतंय वो."

सिस्टर तशी वाईट मुलगी नव्हती. पण तिनं आधी पडद्याकडे बघितलं. आकड्याच्या पलीकडे जाऊन औषध दिलं तर तिलाच वर खुलासा द्यावा लागे. ती समजुतीच्या आवाजात म्हणाली की मावशी, दोनच आहे, जरा पडून राहा. दुपारी शालननं पुन्हा सांगितलं. संध्याकाळी पुन्हा. तेव्हा डॉक्टर बागवानांनी निदान केलं की ही भीती आहे, दुखणं नाही, आणि एका समुपदेशक मुलीला पाठवलं. ती गोड बोलणारी मुलगी शालनला म्हणाली, डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या आणि आपण समुद्रकिनाऱ्यावर बसलोय असं मनात आणा. माणदेशातल्या बाईला समुद्र! शालननं डोळे मिटले आणि त्या मुलीला मनातल्या मनात अशा काही शिव्या हासडल्या, की त्या ऐकून मास्तरांनी तिला सूर्यनमस्कार घालायला लावले असते.

घरच्यांना आकडा फोनवर दिसायचा. मुलगा विक्रांत पुण्याला नोकरीला. तो रोज सकाळी ऑफिसच्या वाटेवर आईचा दोन बघायचा आणि एक फूल पाठवायचा, कधी गुलाबाचं, कधी सूर्यफुलाचं. शालननं त्याला फोनवर दुखण्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, मशीनला आपल्यापेक्षा जास्त कळतं गं. दोन आहे म्हणजे दोनच असणार. तू मनावर घेऊ नकोस." पोटच्या पोराचा तिला एवढा संताप कधी आला नव्हता. तिनं फोन पालथा घातला.

मास्तरांच्या कानावर तक्रारीची गोष्ट गेली तेव्हा ते नुसते रागावले नाहीत, दुखावले. चारचौघांत हात पसरल्यासारखं का करतेस, म्हणाले. इथल्या निम्म्या माणसांना ते ओळखत होते. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या त्यांच्या हाताखालून गेलेला. "पडदा सांगतोय दोन, आणि तू सांगतेस भलतंच. लोक काय म्हणतील? मास्तरांची बायको नाटकं करते म्हणतील." शालन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सर्वांत वाईट गोष्ट ही, की मधूनमधून तिला स्वतःलाच शंका यायची. सगळेच दोन म्हणतात, तर असेल बाई दोन. दहा म्हणजे मग आणखी काय असतं, देव जाणे.

टिपणीसबाई आणि शालन यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं. टिपणीसबाई साताऱ्यात एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. दुखणंसुद्धा त्या व्यवस्थित मांडून सांगायच्या. बसल्यावर किती, उठल्यावर किती, कळ कुठून निघते, कुठवर जाते, जळजळ आहे की ठणका. त्यांच्या जुळवणीला म्हणे अख्खी दुपार लागली होती. शालनला भेटायला गावाकडची माणसं आली की त्या दोन खाटांमधला कापडी पडदा ओढायच्या आणि खोबरेल तेलाच्या वासाबद्दल काहीतरी पुटपुटायच्या. शालनही काही कमी नव्हती. बाईंच्या बशीतलं सफरचंद सोललेलं बघून ती ऐकू जाईल एवढ्या आवाजात "दात हायेत की अजून" म्हणायची.

एका दुपारी टिपणीसबाईंनी पडदा खसकन बाजूला केला. "जगदाळेबाई, तुम्ही दात खाणं बंद करा बघू. तासभर करकर चाललीय. माझा डोळा लागत नाही."

"आन तुमच्या 'आई गं'नं माझा लागत न्हाय, त्याचं काय?"

टिपणीसबाई काहीतरी फटकारून बोलणार होत्या, पण त्यांची नजर शालनच्या हातांवर गेली. खाटेचा लोखंडी दांडा शालननं असा धरला होता, की बोटांतलं रक्त गेलं होतं. त्यांनी तिच्या जबड्याकडे बघितलं, कपाळावरच्या घामाकडे बघितलं, मग पडद्यावरच्या हिरव्या दोनकडे. जन्मभर लोकांचे विम्याचे दावे तपासलेली बाई ती, खोटा आकडा तिला बरोबर दिसला.

"हा दोन कुणी सांगितला?" त्यांनी विचारलं.

शालननं सांगितलं, ह्यांनी. जुळवणीची सगळी हकिकतही सांगून टाकली. टिपणीसबाईंनी कपाळाला हात लावला नाही की हळहळ व्यक्त केली नाही. त्या म्हणाल्या की जुळवणी उघडता येते. मध्यंतरी नशेच्या औषधासाठी लोक आकडे वाढवून मागायला लागले, म्हणून अट कडक केलीय. जुळवणीला हजर असलेल्या नातेवाइकानं कॅमेऱ्यासमोर सांगावं लागतं, की आकडे रुग्णानं दिले नव्हते. त्याशिवाय डॉक्टरसुद्धा हात लावू शकत नाहीत.

"आणि तुमचे मास्तर ते सांगणार नाहीत," त्या पुढे म्हणाल्या. "मी रोज बघते ना त्यांना. आणि हे पाहा, मला तुमचा कळवळा आलाय असं समजू नका. मला झोप हवीय."

पडदा पुन्हा ओढला गेला. शालनला बाईंचा रागच आला. आपल्या नवऱ्याला ही कोण ओळखणारी? तो सांगेल. एवढी वर्षं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलंय, तो एवढं एक वाक्य बोलणार नाही होय?

संध्याकाळी मास्तर आले. शालननं त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि मग शांतपणे सगळं सांगितलं. फक्त एवढंच बोलायचं, की 'आकडे मी सांगितले, हिनं नाही.' त्यात कुणाला शिक्षा नाही, काही नाही. मास्तर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा दगडाचा होत गेला.

"म्हणजे मी खोटं बोललो, असं कॅमेऱ्यासमोर सांगू?"

"खोटं म्हनू नका. मला इचारलं न्हाय म्हना."

"एकच झालं. आणि विक्रांत बघेल ते. डॉक्टर बघतील. त्या बागवानांचा धाकटा भाऊ माझ्या खो-खोच्या संघात होता, माहिताय?" मग त्यांनी संघातला चंदू काढला, खांदा निखळलेला असताना राज्य स्पर्धेत शेवटपर्यंत खेळलेला. चंदूची गोष्ट शालननं इतक्यांदा ऐकली होती, की चंदू समोर आला असता तर तिनं त्याचा दुसरा खांदा निखळवला असता.

"त्याला खेळ संपल्याव बसाया मिळालं," ती म्हणाली. "माझा खेळ संपत न्हाय."

मास्तर उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तुझं तोंड कुणी दाबलं होतं का त्या दिवशी? मान कुणी हलवली?"

मान तिनंच हलवली होती. त्या एका 'काटक'साठी हलवली होती. मास्तर गेल्यावर ती बराच वेळ त्याच प्रश्नावर अडून राहिली, आणि मग तिला एक गोष्ट स्वच्छ कळली. हा माणूस तिच्या दुखण्याला भीत नाही. तो लोकांना भितो.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला वॉर्ड गजबजला होता. डबे उघडलेले, टेकायला जागा नाही. मास्तर आले आणि पलीकडच्या खाटेपाशी उभा असलेला एक पोट सुटलेला गृहस्थ लगबगीनं पुढे आला. "मास्तर, ओळखलंत का? बावीसच्या बॅचचा, दिघे." पाया पडला. मास्तरांची छाती फुगली. त्यांनी दिघेला पोट कमी कर म्हणून दम दिला, दिघे हसला, आजूबाजूचे कौतुकानं बघायला लागले.

त्याच वेळी शालननं गळ्याखाली हात घातला आणि पट्टी ओढून काढली.

उशाजवळचा पडदा काळा झाला. पंप थांबला. दोनच्या आकड्याचं जे काही तुटपुंजं औषध मिळत होतं, तेही बंद. सिस्टर वनिता नवी पट्टी घेऊन पळत आली, पण शालननं तिचा हात धरला. रुग्ण नको म्हणाला की कुणाला पट्टी लावता येत नाही, हे तिला माहीत होतं. "लावायची न्हाय," ती म्हणाली. मास्तर दिघेला कसनुसं हसून दाखवत खाटेजवळ आले आणि दबक्या आवाजात विचारायला लागले, की हे काय चालवलंयस?

शालन वाट बघत होती. औषध हळूहळू उतरत गेलं आणि खुब्यातली पहार फिरायला लागली. तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा दात उघडले आणि आवाजाला वाट दिली.

ओरडायलासुद्धा सवय लागते. पहिला आवाज अगदीच पडेल निघाला, घसा खाकरल्यासारखा. दुसरा बरा निघाला. तिसऱ्याला वॉर्डातले घास थांबले. आणि मग तो जो काही बाहेर पडायला लागला, तो तिलाही ओळखू येईना. खुब्याचा होता, मोडलेल्या पायाचा होता, बाळंतपणाचा होता, कशाकशाचा होता. पोरं रडायला लागली. दारात माणसं जमली. दिघे भिंतीला चिकटून उभा राहिला.

"शालन, गप," मास्तर म्हणाले.

"न्हाय."

"अगं, लोक बघतायत."

"त्यासाठीच वरडतेय."

मास्तर तिच्या अंगावर वाकले, मग मागे सरले, मग तडक चालायला लागले. बाहेर गेले, जिन्यापर्यंत गेले. आवाज त्यांच्या मागोमाग गेला. शालन मधे मधे शब्दही घालत होती. ह्यांनी सांगितलं दोन, माझ्या तोंडचा आकडा ह्यांनी खाल्ला, इचारा त्यांना. अख्ख्या मजल्याला मास्तरांचं नाव कळलं. डॉक्टर बागवान धावत आले तेव्हा त्यांच्या मागून मास्तरही परत आले. ताठ कणा वाकला नव्हता, पण मिशी थरथरत होती.

"कुठे बोलायचं ते सांगा," ते डॉक्टरांना म्हणाले. "पण आधी हिला गप्प करा."

शालननं ते ऐकलं. वेदनेनं डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी हे वाक्य तिनं नीट ऐकून ठेवलं. तिला बरं वाटावं म्हणून नाही. ती गप्प व्हावी म्हणून. बरं, तसं तर तसं.

तिथेच, खाटेच्या पायथ्याशी, सिस्टरनं कॅमेरा धरला. मास्तर झेंड्यासमोर राहतात तसे उभे राहिले. जुळवणीच्या वेळचे आकडे मी सांगितले, पेशंटनं सांगितले नव्हते, एवढं बोलून ते थांबले. डॉक्टरांना नियमाप्रमाणे आणखी विचारावं लागलं, की पेशंटचं म्हणणं काही वेगळं होतं का?

"विचारलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

पलीकडून टिपणीसबाईंचा आवाज आला. "झालं एकदाचं." आणि त्यांनी कूस बदलली.

शालननं पट्टी लावू दिली, डॉक्टरांनी स्वतःच्या सहीवर एका रात्रीपुरतं तिला औषध दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एका छोट्या बंद खोलीत नेण्यात आलं. मास्तरही आले. नातेवाईक म्हणून नाव त्यांचंच होतं.

डॉक्टर बागवानांनी खुर्ची ओढली. तिच्या खाटेपाशी ते पहिल्यांदाच बसत होते, आणि ते त्यांनाही जाणवलं असावं, कारण त्यांची नजर जरा खाली होती. ते म्हणाले की नवी जुळवणी करायला आधी शून्य सापडायला हवं. मोजपट्टीला सुरुवात नसेल तर पुढचे आकडे कुठून धरणार? मावशींच्या शरीरात आता असा एकही क्षण उरला नाही, की जेव्हा काहीच दुखत नाही. म्हणून पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालच्या नसा थोड्या वेळापुरत्या गाढ झोपवायच्या. दुखणं पूर्ण थांबेल. शरीर अगदी निवांत झालं की यंत्र तेच तिचं शून्य धरेल. मग औषध उतरत जाईल, दुखणं परत येत जाईल, तसतशी मावशी स्वतः आकडे सांगत जातील. तेच आकडे कायमचे. आज संध्याकाळपासून पंप त्यावर चालेल.

"आनि शून्य घावलं न्हाय तर?" शालननं विचारलं.

तर जुळवणी होणार नाही, डॉक्टर म्हणाले. जुनी तर आता रद्दच झाली. मग यंत्राशिवाय, दर वेळी वरची परवानगी काढून औषध द्यावं लागेल, आणि ती कधी मिळते, कधी नाही.

इंजेक्शन दिलं. प्रथम पावलं ऊबदार झाली, मग पिंढऱ्या, मग मांड्या. आणि मग खुब्यातली पहार कुणीतरी अलगद काढून घेतली. शालन श्वास रोखून वाट बघत राहिली, की आता परत येईल. आली नाही. खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली, ते तिला ऐकू आलं. कित्येक महिन्यांत तिला दुखण्याशिवाय दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. तिला भूक लागली. चक्क भाकरी आणि लसणाची चटणी खावीशी वाटली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

"दुखतंय का कुठे?" सिस्टर वनितानं विचारलं.

"न्हाय. कुठंच न्हाय."

पण आकड्याऐवजी आता पडद्यावर तिच्या शरीराची रेघ उमटत होती, ती काही खाली बसेना. डॉक्टरांनी औषध तपासलं, बरोबर होतं. सुईनं पाय टोचून बघितला, शालनला कळलंही नाही. रेघ मात्र वरच्या वर थरथरत होती. डॉक्टर गोंधळले. दुखणं नाही, पण शरीर अजून कशाच्या तरी विरुद्ध आवळलेलं आहे, ते म्हणाले. धास्ती असेल, थंडी असेल, काहीही असेल. जोवर ती गाठ सुटत नाही, तोवर यंत्र ह्याला शून्य म्हणणार नाही. पंखा बंद केला. पांघरूण घातलं. दिवा मंद केला. इंजेक्शनचा अंमल काही दिवसभर टिकणारा नव्हता.

भिंतीला लागून खुर्चीत मास्तर बसले होते. सकाळपासून त्यांनी शालनकडे थेट बघितलं नव्हतं. ते डॉक्टरांना समजावून सांगायला लागले, "तिला सवय नाही हो अशा खोल्यांची. घाबरते ती. तिचं पहिल्यापासूनच—"

रेघ उसळली.

शालनला ती दिसली. सिस्टरलाही दिसली. मास्तर बोलायचे थांबले, तशी ती थोडी खाली आली, पण बसली नाही. सिस्टरनं हळूच डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि उगाचच एक तार हलवून बघितली.

"डाक्टर," शालन म्हणाली, "ह्यांना भायेर पाठवा."

मास्तर म्हणाले की मी काय करतोय, मी तर नुसता बसलोय. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं. हात लावला का मी कधी, त्यांनी विचारलं, आणि ते खरंच होतं, त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, थोडा वेळ मास्तर, प्लीज. मास्तर उठले. दार लागलं.

रेघ लगेच नाही बसली. शालनच्या खांद्यांना आधी कळलं, की खोलीत आता कोणी आपल्या आधी उत्तर देणारं नाही. ते उतरले. मग मान सैल झाली, मग जबडा, मग पोटात खोलवर कुठेतरी काहीतरी सुटलं, जे आवळलेलं आहे हे तिला माहीतच नव्हतं. पडद्यावरची रेघ खाली येत गेली, येत गेली, आणि तळाला जाऊन आडवी झाली.

तिनं मास्तरांना शिक्षा म्हणून बाहेर घालवलं होतं. हे असं होईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती त्या सरळ रेघेकडे बघत राहिली, आणि दुखणं नसलेल्या त्या शरीरात तिला असा राग आला, की रेघ आता उसळणारच असं तिला वाटलं. पण रेघ हलली नाही. हा राग तिला आवळत नव्हता. लग्न झाल्यापासून ती त्या आवळलेल्या अंगालाच निवांत अंग समजत आली होती. जिथून ती मोजायला सुरुवात करत होती, तिथे शून्य कधी नव्हतंच.

सिस्टर वनिता जवळ आली. ह्या वेळी तिनं पडद्याकडे बघितलं नाही. ती वाकली आणि शालनच्या तोंडाकडे बघत विचारलं, "मावशी, आता किती?"

शालननं घाई केली नाही. कोणी मधे बोललं नाही. तिनं पुरेसा वेळ घेऊन सगळं अंग धुंडाळलं.

"शून्य," ती म्हणाली. "हे धरा."

डॉक्टरांनी बटण दाबलं. दारावर टकटक झाली आणि बाहेरून मास्तरांनी विचारलं, झालं का, आत येऊ का? सिस्टरनं शालनकडे बघितलं.

"न्हाय म्हनावं," शालन म्हणाली. "अजून दहापतूर जायचंय."